कथेचं नाट्यरूपांतर करायचंय? सुरुवात अशी करा

एकांकिका स्पर्धेची तारीख जाहीर झाली की ग्रुपमध्ये पहिला प्रश्न निघतो : संहिता कुठून आणायची? लिहिणारं कुणी हाताशी नसतं, छापील एकांकिका सगळ्यांच्या करून झालेल्या असतात. मग कुणीतरी म्हणतं, "ती अमक्याची कथा आहे ना, तिचं नाट्यरूपांतर करू." कल्पना उत्तमच आहे. मराठीत चांगल्या कथा इतक्या आहेत की पुढची कित्येक वर्षं संहिता कमी पडायची नाहीत. पण पुढे काय होतं? कथेतली अवतरणचिन्हातली वाक्यं 'संवाद' म्हणून उतरवली जातात, उरलेला मजकूर निवेदकाच्या तोंडी घातला जातो, आणि घरी बसून वाचली असती तर जास्त भिडली असती अशी गोष्ट प्रेक्षक अर्धा तास अंधारात बसून ऐकतात. चांगल्या कथेवर हा अन्याय आहे.

पहिल्यांदाच हे काम हातात घेणाऱ्यांसाठी ही वाट मांडतोय. सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट पक्की ठेवा : रूपांतर वाक्यांचं करायचं नसतं, घटनांचं करायचं असतं. कथेत जे घडून गेलंय ते प्रेक्षकांसमोर आत्ता घडलं पाहिजे.

आधी शब्द नीट वापरू

नाट्यरूपांतर म्हणजे कथा, कादंबरी, आख्यान असं जे मुळात नाटक नाही, ते रंगमंचावर करता येईल अशा रूपात नव्याने लिहिणं. 'नाट्यीकरण' हा शब्दही याच अर्थाने चालतो, पण तो जास्त ऐकू येतो तो शाळेत, धड्याचं वर्गात सादरीकरण करताना. परभाषेतलं नाटक मराठीत आणणं हे काम वेगळं. जसंच्या तसं आणलं तर ते भाषांतर किंवा अनुवाद. माणसं, गाव, रीतिरिवाज इथले केले तर नुसतं 'रूपांतर', जसं गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'चं 'झुंझारराव' केलं. मूळ कथेची एखादीच कल्पना घेऊन बाकी सगळं तुमचं असेल, तर प्रामाणिकपणे 'अमुक कथेवरून सुचलेलं' असं लिहा.

कथेतला एकही शब्द न बदलता ती नटांनी रंगमंचावर उभी करणं हा आणखी एक प्रकार आहे. हिंदी रंगभूमीवर देवेंद्र राज अंकुर यांनी 1975 मध्ये निर्मल वर्मांच्या तीन कथा 'तीन एकांत' या नावाने अशा केल्या आणि त्यातून 'कहानी का रंगमंच' ही धाराच सुरू झाली. तो फार सुंदर प्रकार आहे, पण त्याला नाट्यरूपांतर म्हणत नाहीत. त्याची शिस्तही वेगळी आहे. आपल्याला नक्की काय करायचंय हे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या, नाहीतर लेखक एक लिहितो आणि दिग्दर्शक दुसरंच बसवतो.

कथा निवडताना

आवडती कथा आणि नाटक होऊ शकणारी कथा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासायला एक साधा प्रश्न आहे. या कथेत कुणाला तरी दुसऱ्या कुणाकडून काहीतरी हवंय का, आणि ते मिळण्यात अडथळा आहे का? मुलाला बापाची परवानगी हवी आहे, विधवेला जमिनीचा कागद हवा आहे, मित्राला माफी हवी आहे. असं काही सापडलं तर पुढचं सगळं जमवता येतं. नसेल, आणि कथेची सगळी ताकद लेखकाच्या वर्णनात, मनातल्या तरंगांत असेल, तर पहिल्या प्रयत्नाला ती घेऊ नका. तिचं अभिवाचन करा.

मग माणसं मोजा, जागा मोजा. पाच-सहा पात्रं आणि एक-दोन जागा एकांकिकेला पुरेत. पंधरा जागा असलेली कथा घेतलीत तर तुमचा निम्मा वेळ ब्लॅकआऊटमध्ये जाईल. अंधारात टेबल सरकवणारी मुलं प्रेक्षकांना दिसतात, आणि जमलेला रंग तिथेच उतरतो.

परवानगी, लिहायला बसण्याआधी

हे काम लोक शेवटी करतात आणि तोंडघशी पडतात. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतीचं नाटकात रूपांतर करणं स्पष्टपणे 'रूपांतर' या व्याख्येत येतं, आणि तो हक्क लेखकाचा आहे. लेखक हयात असेपर्यंत, आणि निधनानंतरच्या 1 जानेवारीपासून पुढे 60 वर्षं. ही मुदत आधी 50 वर्षं होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्याचे हक्क संपायला आले तेव्हा, 1992 मध्ये, ती 60 केली गेली.

हिशोब सोपा आहे. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन 2011 पासून सर्वांना मोकळं आहे. वि. स. खांडेकर 1976 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्यासाठी 2036 संपेपर्यंत परवानगी लागणारच. प्रेमचंद 1936 मध्ये गेले, त्यांच्या हिंदी कथा मोकळ्या आहेत. पण तुम्ही कुणाच्या मराठी अनुवादावरून काम करत असाल, तर त्या अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. एक तर त्याची परवानगी घ्या, नाहीतर मूळ हिंदीवरून काम करा. लोककथा कुणाच्याच मालकीच्या नसतात, मात्र एखाद्या लेखकाने आपल्या शब्दांत सजवून लिहिलेली लोककथा त्याची असते.

पत्र लेखकाला किंवा वारसांना लिहायचं. प्रकाशकाकडे पत्ता मिळतो, पण रूपांतराचा हक्क त्याच्याकडे असेलच असं नाही, ते विचारून घ्या. पत्रात मोघम लिहू नका : एकांकिका की दोन अंकी, अंदाजे किती प्रयोग, तिकीट लावणार का, मानधन किती देऊ शकता, चित्रीकरण करून इंटरनेटवर टाकणार आहात का. हा शेवटचा मुद्दा हल्ली सगळ्यात जास्त भांडणं लावतो. वारस एकाहून जास्त असतील तर एकाच्या फोनवरच्या 'हो हो, करा की' वर विसंबू नका. उत्तर लेखी हवं. आणि खरं सांगायचं तर बहुतेक लेखक आनंदाने परवानगी देतात. आपली कथा कुणाला उभी करावीशी वाटते याचं त्यांना अप्रूप असतं.

प्रसंगयादी

कथा दोनदा वाचा आणि मिटून ठेवा. मग आठवेल तसं एका कागदावर फक्त घडलेलं लिहा. वर्णन नको, भावना नको. 'तो आला. तिने पाणी दिलं नाही. त्याने पैसे ठेवले. तिने ते उचलले नाहीत.' अशी दहा-बारा वाक्यं होतील. पुस्तक न बघता जे आठवलं तेच बहुधा कथेचं हाड असतं. आता पुस्तक उघडून काय राहिलं ते पाहा.

या यादीपुढे तीन खुणा करा. कोणते प्रसंग प्रेक्षकांसमोर घडलेच पाहिजेत, कोणते नुसते कळले तरी चालतील, कोणते गाळता येतील. समोर घडायलाच हवेत असे प्रसंग पाच-सहाच्या वर गेले तर पुन्हा बसा.

कथा जिथे सुरू होते तिथेच नाटक सुरू व्हायला हवं असं अजिबात नाही. बहुतेक वेळा ते बरंच पुढे, गाठ आवळली जाण्याच्या जरा अलीकडे सुरू व्हावं लागतं.

एक उदाहरण करून बघू

सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट घेऊ : चिऊ आणि काऊ. चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं. मोठा पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं. तो चिऊच्या दारात येतो, "चिऊताई चिऊताई, दार उघड." ती म्हणते, थांब, बाळाला अंघोळ घालते. थांब, अंगडं घालते. थांब, तीट लावते. थांब, झोपवते. शेवट घराघरांत वेगळा. कुठे काऊला चुलीपाशी चटका बसतो, कुठे तो आत बसून चिऊचा खाऊ कुटुरकुटुर खाऊन टाकतो.

आता प्रश्न विचारा. कुणाला काय हवंय? काऊला आत यायचंय. चिऊला तो आत नकोय, आणि तसं तोंडावर म्हणायचंही नाहीये. बाळाची कामं खरी आहेत की सबबी आहेत? गोष्ट हे सांगत नाही. रूपांतर करणाऱ्याला मात्र ठरवावंच लागतं, आणि तुमचं नाटक या एका निर्णयावर उभं राहतं. खरी कामं मानलीत तर ती एकट्या बाईची ओढाताण होईल. सबबी मानलीत तर ती शेजाऱ्याला पावसात उभं ठेवण्याची गोष्ट होईल. दोन्ही चालतील, दोन्ही एकदम चालणार नाहीत.

कुठून सुरू करायचं? दारापासून. घर वाहून गेलेलं दाखवायची गरज नाही. भिजलेला माणूस आणि त्याच्या हातात जे काही वाचलं ते, एवढ्यावर प्रेक्षकांना कळतं. नेपथ्य काय? एक दार, आणि त्याच्या दोन्ही बाजू प्रेक्षकांना दिसल्या पाहिजेत. म्हणून भिंती नकोतच, मंचाच्या मध्यावर नुसती चौकट. ही चौकट सुचली की अर्धी एकांकिका झाली असं मी म्हणेन, कारण आता आत काय चाललंय हे बाहेरच्याला माहीत नाही, बाहेर काय चाललंय हे आतलीला दिसत नाही, आणि प्रेक्षकांना दोन्ही दिसतंय.

संहितेत ते साधारण असं उतरेल :

(मध्यावर दाराची चौकट. आत चिऊ, पायांवर बाळ. बाहेर काऊ, निथळणारा, काखेत पत्र्याची पेटी. पावसाचा आवाज.)

काऊ : चिऊताई, अगं ए चिऊताई! दार उघड गं.

चिऊ : कोण?

काऊ : मी. काऊ.

चिऊ : थांब हं, बाळाला अंघोळ घालतेय.

(काऊ वळचणीला सरकतो. पेटी खाली ठेवतो, पाणी वाहतंय बघून पुन्हा उचलतो.)

काऊ : घर गेलं माझं.

(चिऊचा हात थांबतो. ती दाराकडे बघते. पुन्हा बाळाला तेल लावू लागते.)

चिऊ : काही ऐकू येत नाही बघ पावसात!

इथे काय झालं ते बघा. कथेत लेखकाने लिहिलं असतं, 'चिमणीला त्याची कीव आली, पण तिने मन घट्ट केलं.' हे वाक्य संवादात कुठेच नाही. ते थांबलेल्या हातात आहे आणि तिच्या खोट्या उत्तरात आहे. तिने ऐकलंय हे प्रेक्षकांना ठाऊक आहे, काऊला नाही. नाट्य इथे आहे.

दुसरी गोष्ट पुनरुक्तीची. गोष्ट सांगताना 'चिऊताई चिऊताई, दार उघड' हे वाक्य पुन्हा पुन्हा तसंच येतं आणि पोरं त्याच ठेक्यावर डोलतात. रंगमंचावर तेच वाक्य चौथ्यांदा तसंच आलं तर माणसं घड्याळ बघतील. वाक्य ठेवा, पण प्रत्येक हाकेमागचा हेतू बदला. पहिली हाक शेजाऱ्याची, सहज. दुसऱ्या हाकेत जुन्या उपकाराची आठवण, 'तुझ्या घराच्या मेणाला मीच हात लावला होता.' तिसरीत राग. चौथ्या वेळी तो हाकच मारत नाही, आणि चिऊ स्वतःहून दाराशी येऊन कानोसा घेते. प्रत्येक पायरीला दोघांमधलं वजन इकडून तिकडे सरकायला हवं. लिहून झाल्यावर प्रत्येक प्रवेशाला हा एकच प्रश्न विचारा : प्रवेशाच्या सुरुवातीला ज्याचं पारडं जड होतं, त्याचंच शेवटीही आहे का? असेल तर तो प्रवेश पुन्हा लिहा, नाहीतर काढून टाका.

निवेदकाचं काय करायचं

निवेदक वाईट नाही. मराठी रंगभूमीची सुरुवातच तशी झाली. 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा सूत्रधार पद्यातून आख्यान गाऊन सांगायचा आणि पात्रं त्यावर अभिनय करत स्वतःची भाषणं बोलायची. पण तो सूत्रधार खेळ चालवणारा होता, गात होता, पात्रांना मंचावर आणत होता. काळा कुर्ता घालून विंगेजवळ उभा राहून 'आणि मग दहा वर्षं लोटली' म्हणणारा मुलगा हे काही चालवत नसतो. त्याला नाटकातून काढलं तर नाटकाचं काय बिघडेल, हे विचारून बघा. काहीच बिघडणार नसेल तर तो नको.

हवाच असेल तर त्याला गोष्टीत जागा द्या. तो मोठा झालेला नायक असेल, साक्षीदार असेल, ज्याच्यामुळे सगळं बिघडलं तोच असेल. ज्याला सांगण्यात काही धोका आहे, काही लपवायचंय, तोच निवेदन करताना बघवतो.

दहा वर्षं लोटल्याचं सांगायला खरं तर फार थोडं लागतं. तोच कप, आता कान तुटलेला. तीच साडी, आता पायपुसणं झालेली. मनातले विचार सांगायला लगेच स्वगताकडे धावू नका. ज्याच्याशी पात्र मोकळेपणाने बोलेल असं कुणी कथेत आहे का बघा. नसेल तर त्याला हाताशी एखादं काम द्या. माणूस तांदूळ निवडताना कसा थांबतो, इस्त्री करताना कापड कसं जळू देतो, यातून फार कळतं. आणि जिथे काहीच चालत नाही तिथे स्वगत जरूर लिहा, पण एकच आणि योग्य जागी.

भाषा

कथेतलं निवेदन बहुधा प्रमाण मराठीत असतं आणि माणसं आपापल्या बोलीत बोलतात. निवेदनातला मजकूर पात्राच्या तोंडी देताना तो त्याच्या बोलीत नव्याने लिहावा लागतो. 'विलक्षण खिन्नता दाटून आली' असं मालवणात काय, नागपुरात काय, कुणी बोलत नाही. बोली येत नसेल तर ती बोलणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. नुसतं क्रियापदाला शेपूट लावलेली खोटी बोली त्या भागातला प्रेक्षक पहिल्या वाक्याला ओळखतो, आणि ते त्याच्या मनाला लागतं.

लिहिताना अडलात तर एक जुना उपाय आहे. सिंधुदुर्ग-गोव्याकडच्या दशावतारात लेखी संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण काय करणार ते ठरतं, आणि नट संवाद उभ्या उभ्या रचतात. तालमीत तसंच करा. प्रसंगयादीतला एक प्रसंग नटांना द्या, कुणाला काय हवंय तेवढं सांगा, पुस्तक दाखवू नका. मोबाईलवर रेकॉर्ड करा. निम्मं टाकाऊ निघेल, पण दोन-तीन वाक्यं अशी सापडतील जी टेबलावर बसून सुचली नसती.

मूळ कथेशी इमान

हा प्रश्न नवख्यांना फार छळतो : किती बदललं तर चालेल? श्री. ना. पेंडशांनी 'गारंबीचा बापू' ही आपलीच कादंबरी नाटक म्हणून लिहिली. स्वतःच्या कृतीसाठीसुद्धा लेखकाला पुन्हा बसून नवं लिहावं लागतं, मग आपल्याला का लागू नये? पात्रं एकत्र करा, प्रसंगांचा क्रम बदला, पानंच्या पानं सोडून द्या. पण कथा वाचून संपवल्यावर तुमच्या आत जे उरलं होतं, ते एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा. त्याला धक्का लागता कामा नये. करुण शेवट स्पर्धेत चालत नाही म्हणून गोड करणं, किंवा टाळ्या मिळतात म्हणून शेवटी पात्राला भाषण ठोकायला लावणं, हे मला चुकीचं वाटतं. तसं करायचं असेल तर ती कथा सोडा, आपली लिहा.

वाचन, वेळ, कागद

पहिला खर्डा झाला की तो तुम्ही वाचायचा नाही, दुसऱ्यांना वाचायला द्यायचा. लेखक स्वतः वाचताना नसलेले अर्थ आवाजात भरतो. ऐकणाऱ्यांत कथा न वाचलेली दोन माणसं तरी हवीत. वाचन संपल्यावर 'आवडलं का' विचारू नका, 'काय घडलं ते सांगा' म्हणा. त्यांना कुठे गोंधळ झाला तिथे पेन्सिलने खूण करा.

घड्याळ लावूनच वाचा. एकांकिका साधारण अर्धा ते पाऊण तासाची धरतात, पण प्रत्येक स्पर्धेचा नियम वेगळा, तो पत्रकात बघा. बसून केलेल्या वाचनापेक्षा उभा प्रयोग नेहमी लांबतो, हालचाली आणि पॉज वेळ खातात. पस्तीस मिनिटांची मर्यादा असेल तर वाचन सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढे जाऊ देऊ नका.

संहिता नीट टाईप करा. पात्राचं नाव डावीकडे, रंगसूचना कंसात, पानांवर आकडे, प्रत्येक प्रवेशाच्या आरंभी जागा आणि वेळ. रंगसूचनेत जे दिसतं किंवा ऐकू येतं तेवढंच लिहा. 'तिला बालपण आठवतं' ही रंगसूचना नव्हे, नट ती करू शकत नाही.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. अर्जासोबत मूळ लेखकाचं परवानगीपत्र जोडून ठेवा, आणि शेवटच्या आठवड्यावर हे ढकलू नका.

श्रेयनामावली अशी : 'मूळ कथा' आणि लेखकाचं नाव, त्याखाली 'नाट्यरूपांतर' आणि तुमचं नाव, मग दिग्दर्शन. दोन्ही नावं एकाच आकाराच्या अक्षरात. फलकावर, पत्रिकेवर, समाजमाध्यमांवरच्या पोस्टमध्ये, आणि प्रयोगाआधीच्या घोषणेतही. 'लेखक' म्हणून एकट्याचं नाव लावू नका. लेखक किंवा वारस जवळपास राहत असतील तर रंगीत तालमीला बोलवा, पुढच्या रांगेत नाही, मधे कुठेतरी, जिथून सगळा मंच दिसेल अशा जागी बसवा.